पथ्य सांगणाऱ्यांचे पथ्य

नारायण पेठेतील एका जुन्या वाड्यात राहणारे एक निवृत्त शिक्षक काही दिवसांपूर्वी आमच्या कचेरीत आले. हातात कापडी पिशवी होती. तीतून त्यांनी भुकटीचे दोन रिकामे डबे, एक गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक आणि रुग्णालयाचे एक बिल काढून मेजावर मांडले, आणि शांतपणे विचारले, “ह्याची तक्रार कोठे करावयाची, एवढेच सांगा.” छत्तीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसास हा प्रश्न आम्हांस विचारावा लागतो, ह्यातच आजच्या लेखाचा विषय आला.

हकीकत साधी आहे. मास्तरांना बारा वर्षांचा मधुमेह. सकाळी एक व रात्री एक अशा गोळ्या चालू. घरातील मंडळींनी एक जाहिरात पाहिली, आणि तीन महिन्यांत वजन व साखर दोन्ही उतरवून देणाऱ्या एका आहारसल्ला केंद्रात त्यांचे नाव घातले गेले. पैसे आगाऊ भरले. पावती मागितली तेव्हा ‘मोबाईलवर येईल’ असे उत्तर मिळाले, ती अद्याप यावयाची आहे. तेथील तरुण बाईंनी वजन घेतले, कमरेचा घेर मोजला, भात, पोळी व फळे बंद केली आणि दोन वेळच्या जेवणाऐवजी भुकटी सांगितली. मास्तरांनी गोळ्यांचा विषय काढला, तेव्हा “काका, गोळ्यांचे नंतर बघू” असे उत्तर मिळाले. मधुमेहावरील काही गोळ्या अशा असतात, की पोटात अन्न असो वा नसो, त्या स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेतातच. जेवण निम्म्यावर आणावयाचे आणि गोळी तशीच चालू ठेवावयाची, म्हणजे साखर धोक्याच्या पातळीखाली जाण्याची वाट मोकळी करावयाची. अकराव्या दिवशी पहाटे मास्तर न्हाणीघराच्या दाराशी घामाने डबडबलेले व बेशुद्ध सापडले. शेजारच्यांनी तत्परतेने रुग्णालयात नेले म्हणून ते आज आमच्यासमोर बसून बोलू शकले.

पुढील भाग अधिक उद्‌बोधक आहे. केंद्राने त्यांना त्यांचीच सही दाखविली. ‘विशिष्ट फलाची हमी नाही व परिणामांची जबाबदारी केंद्रावर राहणार नाही’ ह्या अर्थाचा बारीक टाइपातील मजकूर सहीच्या वर होता. पोलीस चौकीत सांगण्यात आले, की हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण आहे. एका परिचित डॉक्टरांनी वैद्यक परिषदेचे नाव सुचविले. परंतु महाराष्ट्र वैद्यक परिषद ही १९६५ च्या कायद्याखालील संस्था आहे आणि तिच्या नोंदवहीत ज्यांचे नाव आहे अशा डॉक्टरांपुरताच तिचा अधिकार चालतो. आहारतज्ज्ञ तिच्या वहीत नाही, तेव्हा तिच्या शिक्षेतही नाही. महानगरपालिका शुश्रूषागृहांची नोंदणी करते, पण दोन खुर्च्या व एक वजनकाटा म्हणजे शुश्रूषागृह नव्हे. अन्न व औषध प्रशासनास डब्याविषयी बोलता येते, डबा देणाऱ्याच्या सल्ल्याविषयी नाही. प्रत्येक दारावर आपापला कायदा बरोबर होता आणि मास्तर मात्र रस्त्यावर होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर बंब रामेश्वरी तरी आहे की नाही, हेच मास्तरांना कोणी सांगेना.

आम्ही हे एका केंद्राविरुद्ध लिहीत नाही. त्या केंद्राचे नाव आम्ही मुद्दाम दिलेले नाही, कारण दुसरी बाजू आम्ही ऐकलेली नाही आणि न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, की ती बाजू ऐकून घेईल आणि दोहोंत निवाडा देईल अशी एक जागा सुजाण नागरिकास घराबाहेर पडण्यापूर्वी ठाऊक असली पाहिजे.

कायदा नाही असे मात्र नाही. संसदेने २०२१ साली सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. दहा वर्गांत पन्नासहून अधिक व्यवसाय त्याच्या अनुसूचीत घातले. त्यांत आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ हे दोन्ही शब्द स्पष्टपणे आलेले आहेत: रुग्णालयात काम करणारे, सार्वजनिक आरोग्यात काम करणारे आणि खेळाडूंना सल्ला देणारेदेखील. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणविण्यास निदान ३६०० तासांच्या शिक्षणाची पदवी असावी, असे कायदा म्हणतो. प्रत्येक राज्याने परिषद स्थापावी, तिने नोंदवही ठेवावी, व्यवसायाचे शिष्टाचार व नीतिनियम पाळले जातात की नाही हे पाहावे, आणि जो ते मोडील त्याच्यावर कारवाई करावी. प्रसंगी त्याचे नाव वहीतून काढून टाकावे. नोंद नसताना ‘मी नोंदणीकृत आहे’ असे खोटे सांगणाऱ्यास पहिल्या खेपेस ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तेच केल्यास कैदेचीही तरतूद आहे. कागदावर पाहता हे सर्व उत्तम आहे. ज्या देशात आहारविषयक सल्ला हा इतकी वर्षे कोणाच्याच कक्षेत नव्हता, तेथे हे मोठेच पाऊल म्हटले पाहिजे.

परंतु कायदा करणे आणि कायद्याचे दार उघडणे ह्यांत आपल्याकडे नेहमीच मोठे अंतर असते. राज्य परिषदा सहा महिन्यांत स्थापन व्हाव्यात असे कायद्यातच लिहिलेले होते. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, हा विषय सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा असे दिसून आले, की केवळ १४ राज्यांनी परिषदा स्थापिल्या होत्या आणि त्याही प्रत्यक्ष काम करीत नव्हत्या. न्यायालयास दोन महिन्यांची मुदत घालून देऊन राज्यांना जागे करावे लागले. सहा महिन्यांच्या कामास तीन वर्षे पुरली नाहीत, तेव्हा आणखी दोन महिन्यांनी काय साधणार, असे एखाद्या संशयी माणसाने तेव्हा विचारले असते तर त्यास दोष देता आला नसता. तथापि न्यायालयाने जे सांगितले त्याचे मर्म परिषदांच्या संख्येत नाही. नोंदवही असेल तरच तीतून नाव काढता येते. व्यवसायातून काढून टाकण्याची भीती ही सर्व शिस्तीची जननी असते, आणि ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही त्यास कोठून काढणार?

ही नोंदवही येईपर्यंत व्यवसायातील जाणत्यांनी स्वतःच काही व्यवस्था केली होती, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था १९६३ पासून आहे. ती परीक्षा घेऊन ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही मान्यता देते, त्यासाठी रुग्णालयातील उमेदवारी मागते आणि मान्यतेचे नूतनीकरणही करावयास लावते. ज्यांनी ही वाट चोखाळली त्यांनी ती कोणी सक्ती केली म्हणून चोखाळलेली नाही. परंतु स्वेच्छेने उभी राहिलेली संस्था आपल्या सभासदास समज देऊ शकते, फार तर सभासदत्व काढून घेऊ शकते. जो तिचा सभासदच नाही, आणि सहा आठवड्यांचा वर्ग करून भिंतीवर चौकट टांगून बसला आहे, त्याला ती काय करणार? इंग्लंडात ‘डायटिशियन’ ही संज्ञा कायद्याने राखून ठेवलेली आहे. ज्याचे नाव तेथील वैधानिक परिषदेच्या वहीत नाही त्याने ती लावली तर तो गुन्हा होतो. मात्र ‘न्यूट्रिशनिस्ट’ हा शब्द तेथेही मोकळा सोडलेला आहे, आणि ज्यास पळवाट हवी असते तो तेवढ्याच फटीतून निघून जातो. आपल्या कायद्याने दोन्ही शब्द अनुसूचीत घातले ही गोष्ट शहाणपणाची झाली. आता ‘वेलनेस कोच’ आणि ‘लाइफस्टाइल गुरू’ असे तिसरे व चौथे शब्द बाजारात आले आहेत. पाटी बदलल्याने धंदा बदलत नाही, हे परिषदांनी आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

तर मग मास्तरांनी काय करावे? आम्ही त्यांना जे सांगितले तेच वाचकांसही सांगतो. कारण परिषद उद्या काय करील ते करो, आज उघडा असलेला एक दरवाजा आहे, आणि तो ज्या चळवळीने उघडला तिचे एक मूळ ह्याच शहरात आहे. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ साली पुण्यात केली, तेव्हा ‘ग्राहकाचे हक्क’ हा शब्दप्रयोगही अनेकांना हास्यास्पद वाटला होता. बारा वर्षांनी, १९८६ साली, देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही त्या कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’च आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. जेथे शल्यविशारदाची शस्त्रक्रिया सेवा ठरते, तेथे पैसे घेऊन दिलेला आहारसल्ला सेवा नाही असे कोणासही म्हणता यावयाचे नाही. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार देता येते, केंद्राचे मुख्य कार्यालय मुंबईत असो की बंगळूरात. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि आपल्याकडील माणूस ‘बघू, करू’ म्हणत ती कशी घालवितो हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

ह्या कायद्याची काही कलमे तर जणू ह्याच धंद्याकडे पाहून लिहिली असावीत, असे वाटते. बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवा थांबवून पैसे परत करण्यास नकार देणे ही तशीच प्रथा आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्यास उघड करणे हीदेखील तीच. आता आमच्या भगिनींनी आठवून पाहावे, की ‘आधी’ व ‘नंतर’ अशी जी छायाचित्रे जाहिरातीत झळकतात, त्यांतील किती जणींना ती छापण्यापूर्वी नीट विचारले गेले असेल. आणि ती बारीक टाइपातील सही? एकतर्फी, अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद ह्याच कायद्याने केली आहे. सही केली म्हणजे गळा दिला, असे आता राहिलेले नाही.

एक अडचण येथे सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता तक्रारीस प्रोत्साहन देणे हे आमच्याकडून अर्धवट सल्ला दिल्यासारखे होईल. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे तक्रार करणाऱ्यावर असते. वजन उतरले नाही, साखर वाढली, केस गळले, एवढ्याने निष्काळजीपणा ठरत नाही. शरीर हे काही बँकेचे खाते नव्हे, की अमुक भरले म्हणजे तमुक निघावे. प्रत्येक प्रकरणी तज्ज्ञाचे मत हवेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे. तथापि कागद हवाच. काय विचारले गेले, काय सांगितले गेले, कोणत्या तारखेस सांगितले गेले, ह्याचा पुरावा हवा. येथेच मास्तर लंगडे पडतात. सारा सल्ला तोंडी होता. जो काही लेखी होता तो दूरध्वनीवरील निरोपांत होता, आणि ते निरोप नातवाने ‘जागा भरली’ म्हणून पुसून टाकले होते!

मुंबईतील एका प्रकरणाची येथे आठवण होते. एका गृहस्थास ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी त्यांस ॲलोपॅथीची औषधे दिली. गृहस्थ दगावले. त्यांच्या पत्नीने राष्ट्रीय आयोगापर्यंत जाऊनही दाद मिळाली नाही, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला, की ज्या शास्त्राचे शिक्षण आपण घेतलेले नाही त्यात हात घालणे हाच मुळी निष्काळजीपणा आहे, तो वेगळा सिद्ध करावयास नको. तीन लाख रुपयांची भरपाई देवविली. हा निर्णय आहारतज्ज्ञांविषयी नाही. परंतु जो आहारसल्लागार डॉक्टरास न विचारता गोळी बंद करावयास सांगतो, इन्शुलिन निम्मे करावयास सांगतो, थायरॉइडच्या औषधाऐवजी कसलासा काढा देतो, त्याने आपल्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलेले असते. त्याचे उत्तर त्याला ह्याच तत्त्वाने द्यावे लागेल असे आमचे मत आहे. मास्तरांचे प्रकरण ह्याच्या उलट्या बाजूचे आहे. तेथे गोळी बंद करावयास सांगितली नाही, तर गोळीचा विचारच केला नाही. पण रुग्ण कोणते औषध घेतो हे न विचारता त्याचे जेवण अर्धे करणारा सल्ला कोणत्या आहारशास्त्रात बसतो, हे आम्हांस एखाद्या प्राध्यापिकेने समजावून सांगावे.

भुकटीच्या डब्यांविषयी थोडेसे. डब्यावर अन्न प्रमाणन प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक होता आणि मास्तर त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “सरकारमान्य आहे म्हणून घेतले.” हा गैरसमज सुशिक्षितांतही सर्वत्र आहे. तो क्रमांक उत्पादकाच्या परवान्याचा असतो. त्या भुकटीने मधुमेह बरा होतो, असे सरकारने कोठेही म्हटलेले नसते. उलट पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातलेले आहे. मास्तरांच्या डब्यावरही ते होते, आम्ही भिंग लावून वाचले. म्हणजे डबा म्हणतो मी औषध नव्हे आणि विकणारा म्हणतो हेच औषध! खेरीज मधुमेह व स्थूलता हे दोन्ही विकार १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविरोधी कायद्याच्या यादीत आहेत. औषध म्हणून काही विकून ते बरे करण्याची जाहिरात करणे हा सत्तर वर्षांपासून गुन्हा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने आणखी एक मार्गदर्शक सूचना काढली, की समाजमाध्यमांवर आरोग्याविषयी बोलणाऱ्या तज्ज्ञाने आपली पात्रता सांगावी, आणि तज्ज्ञ म्हणून मिरविणाऱ्याने आपला सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्यास पर्याय नव्हे हे स्पष्ट करावे. नियमांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. आमचे स्वतःचे मत असे, की जो आहार सांगतो त्याने डबा विकू नये. सल्ला आणि दुकान एकाच मेजावर आले, की सल्ला दुकानाच्या बाजूने झुकतो. डॉक्टरांनी औषधविक्रेत्याकडून कमिशन घेऊ नये हे आपण मान्य करतो, मग येथेच सवलत का?

आता दुसरी बाजू. तक्रारीचा दरवाजा उघडला, की त्यातून केवळ गांजलेलेच आत येतात असे नाही. वैरीही येतात. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात, विशेषतः आपल्या पेठांत, ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही ऐकू येत होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा धागा धरून दिवसातून दोनदाच जेवा असे सांगितले. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा व घरचे खा असे सांगितले. दोघांचेही हजारो अनुयायी झाले आणि वरण-भातावर तूप वाढताना जावा-जावांत मतभेद झाले. त्या वेळी एका पक्षाने दुसऱ्याविरुद्ध शिस्तभंगाची तक्रार केली असती, तर ती योग्य झाली असती काय? आमच्या मते मुळीच नाही. शास्त्रातील मतभेद हा अपराध नव्हे. त्याचा निकाल प्रयोगांनी व निरीक्षणांनी लागतो, चौकशी समितीने लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेत हे प्रत्यक्ष घडले आहे. केपटाऊनचे प्राध्यापक टिम नोक्स हे स्वतः डॉक्टर व क्रीडाशास्त्रातील नामवंत संशोधक. २०१४ साली एका मातेने समाजमाध्यमावर प्रश्न विचारला, आणि बाळास वरचे अन्न सुरू करताना पिष्ट कमी व स्निग्ध अधिक असा आहार द्यावा, अशा आशयाचे दोन ओळींचे उत्तर त्यांनी दिले. तेथील आहारतज्ज्ञ संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षांनी वैधानिक परिषदेकडे तक्रार केली. सुनावण्या चालल्या, साक्षीदार आले, ग्रंथांचे ढीग लागले. एप्रिल २०१७ मध्ये ते निर्दोष ठरले, आणि त्यावरील अपीलही २०१८ साली फेटाळले गेले. दोन ओळींच्या उत्तरासाठी चार वर्षे! त्यांचा सिद्धांत बरोबर की चूक, हे आम्ही सांगणार नाही. तो आमचा प्रांत नव्हे. पण ज्या परिषदेची चार वर्षे विद्वानांच्या वादात गेली, तिला त्या काळात खरोखर फसविल्या गेलेल्या किती रोग्यांकडे पाहता आले असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या परिषदांनी नियम करताना ही गोष्ट पुढ्यात ठेवावी. कोणी कोणता आहारसिद्धांत मानतो हे विचारू नये. पदवी खोटी सांगितली काय, रोग्याची औषधे विचारली काय, सल्ला लेखी दिला काय, डबा विकला काय, गुपित फोडले काय, हे विचारावे. ह्या प्रश्नांची उत्तरे कागद पाहून महिन्याभरात देता येतात.

शिवाय रोगी तरी कोठे धुतल्या तांदळाचे असतात? मुलीच्या लग्नाआधी चाळीस दिवसांत दहा किलो उतरवून द्या, असा हट्ट धरणाऱ्या मातोश्री, सकाळी ज्वारीची भाकरी खाल्ल्याचे लिहून पाठविणारे आणि संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर बाकरवडीच्या रांगेत उभे असलेले पिताश्री, हे आमच्या परिचयाचे आहेत. किंबहुना आम्ही स्वतः त्या रांगेत त्यांच्या मागे उभे होतो. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ भगिनींचे काम तर कोणास दिसतच नाही. मूत्रपिंडाच्या रोग्यास किती पोटॅशियम चालेल, नळीने अन्न घेणाऱ्यास किती उष्मांक पोहोचतात, भाजलेल्या मुलास किती प्रथिने लागतील, हे हिशेब त्या रोज मांडतात. डॉक्टरांची फेरी संपली, की त्यांचे म्हणणे ऐकावयास कोणी थांबत नाही. नोंदवहीचा सर्वांत मोठा लाभ होईल तो त्यांनाच. भोंदू आणि विदुषी ह्या दोघी आज एकाच पाटीखाली बसतात, आणि भोंदूची अपकीर्ती विदुषीच्या पदरात पडते.

पुण्यास हा विषय परका नाही. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने लहान पण चरबीने तुलनेने अधिक असतात, हे त्यांनी जगास दाखवून दिले. दिसावयास सडपातळ असलेल्या माणसासही मधुमेह का गाठतो, ह्याचे एक उत्तर त्या खेड्यांत सापडले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ह्या सर्वांना कोणीतरी काय खावे हे सांगणार आहे. ते सांगणारे कोण असतील, हा केवळ काही केंद्रांच्या गल्ल्याचा प्रश्न राहत नाही.

एक गोष्ट आम्हांस विशेष खटकली. पुणेकर तक्रारीत मागे नाही, अशी आपली कीर्ती आहे. घंटा एकदाच वाजवावी, फाटकासमोर वाहन लावू नये, चौकशी दुसरीकडे करावी, अशा पाट्या लिहिणारे हे शहर. परंतु तीस हजार रुपये देऊन प्रकृती बिघडवून घेतलेला पुणेकर मात्र तोंड उघडत नाही, कारण त्याला लाज वाटते. वजन हा आपल्याकडे अजूनही स्वभावदोष समजला जातो. स्त्रियांची गोष्ट तर विचारूच नये. ‘तूच चोरून खाल्ले असशील’ हे वाक्य तिला केंद्रातही ऐकावे लागते आणि घरीही. ही लाज हेच त्या धंद्याचे खरे भांडवल आहे. मास्तरांनादेखील आमच्याकडे येण्यास चार महिने लागले, आणि आल्यावर पहिले वाक्य त्यांनी उच्चारले ते असे: “माझे नाव छापू नका.”

शासनाकडे आमचे मागणे थोडेच आहे. राज्य परिषदेची नोंदवही कोणासही घरबसल्या पाहता यावी. तक्रारीचा अर्ज मराठीत, एका पानाचा असावा आणि तो रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात मिळावा. प्रत्येक सल्लागाराने आपला नोंदणी क्रमांक पाटीवर, जाहिरातीत व लेखी सल्ल्यावर घालावा. परिषदेच्या कक्षेत नसलेली तक्रार तिने परत न पाठविता योग्य त्या खात्याकडे स्वतः पाठवावी आणि तसे अर्जदारास कळवावे. ह्या शेवटच्या मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, एक टपालाचे पाकीट लागते. आणि वाचकांनी, पुढील खेपेस कोठे नाव घालण्यापूर्वी, आपल्या चालू औषधांची यादी समोर ठेवावी. ती न वाचता जो आहार सांगू लागेल त्याच्या मेजावरून उठावे, आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच.

मास्तरांचा अर्ज आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावयाचा आहे. भरलेल्या पैशांची नोंद बँकेच्या पुस्तकात सापडली. रुग्णालयाने दाखल करतेवेळची साखर आपल्या कागदात लिहून ठेवली आहे. पुसलेल्या निरोपांपैकी काही सुनेच्या दूरध्वनीत निघाले. अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहून आणला होता, आणि आम्ही त्यात एक शुद्धलेखनाची चूक दाखविली तेव्हा ते प्रथमच हसले. दोन वर्षांच्या मुदतीतील बराच काळ अजून शिल्लक आहे.